सगुणेच्या अकरा प्रदक्षिणा

“दहाच्या पुढे एक म्हणजे अकरा. यात न समजण्यासारखं काय आहे, आक्का?”

मठाच्या प्रमुख आक्का वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तुला समजतं ना?”

“मला? अहो, मी...”

“मग झालं तर.”

हेरंबशास्त्री गप्प बसले. खरे म्हणजे गप्प बसणे त्यांना जमत नसे. ते फक्त पुढच्या वाक्याची तयारी करत असत.

शास्त्रीबुवा या नदीकाठच्या मठात मोक्षासाठी आले होते. तो मिळेपर्यंत रिकामे कशाला बसायचे, म्हणून त्यांनी मठातल्या शिष्यांना गणित शिकवायला घेतले. मोठमोठे गुणाकार ते चालता चालता करत, आणि कोणी विचारले नाही तरी उत्तर सांगत. ग्रहण कधी लागणार हे त्यांना पंचांग छापून येण्याआधी ठाऊक असे. एकदा मोजलेले पुन्हा मोजून पाहणे हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. आणि गणित न येणारा माणूस त्यांना आंघोळ न करणाऱ्या माणसासारखा वाटे. उपाय इतका सोपा, आणि तरी करत नाही.

त्यांच्या दुर्दैवाने मठात सगुणा होती.

सगुणा विशी ओलांडलेली, उंच, हसरी, कामाला वाघ. आरत्या तिला पाठ, भजने पाठ, मठातल्या प्रत्येक गाईचे नाव पाठ आणि त्या गाईच्या आईचेही. आकडे तेवढे पाठ होत नसत. सात मोठे की नऊ, असे विचारले की ती थांबे. दोन अनोळखी पाहुण्यांतला थोरला कोण, हे तोंडावरून ओळखायला सांगावे, तशी.

आता मठाची एक रीत होती. दीक्षा घ्यायची तर पुण्यतिथीच्या दिवशी मूळपुरुषाच्या समाधीला अकरा प्रदक्षिणा घालायच्या. एकट्याने, मुक्याने, आपल्या आपण मोजून. एक कमी नाही की एक जास्त नाही. पुऱ्या झाल्या की समाधीच्या पायरीवर बसायचे. अकराच का, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणूनच नियम इतका कडक होता. संधी तीनदा.

पहिल्या वर्षी सगुणा दोन फेऱ्या आधीच बसली. दुसऱ्या वर्षी ती बसेचना. शेवटी शास्त्रीबुवा आडवे उभे राहिले, तेव्हा कुठे थांबली.

यंदाची पुण्यतिथी महिन्यावर आली होती. तिच्या भावाचा, पिराजीचा, निरोप आला होता : या खेपेलाही जमले नाही तर मी तिला घरी घेऊन जातो. दीक्षा नाही, लग्न नाही, ही तिथे करते काय, असे लोक विचारतात.

घर म्हणजे काय, ते सगुणेला चांगले ठाऊक होते. पाहुणे आले की भाचरे तिला मधोमध उभी करत. “आत्या, वीसपासून उलटं म्हण.” ती चुकायची. पाहुणे चहा पिता पिता हसायचे. तीही हसायची. पाहुण्यांसमोर दुसरे काय करणार?

“ती आळशी आहे,” शास्त्रीबुवांचे वाक्य तयार झाले होते, ते बाहेर पडले. “मन लावत नाही. मी रोज मोठ्यानं उजळणी म्हणून घेतो. चुकली की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी जरा भरभर.”

“भरभर का?”

“सवय व्हावी म्हणून.”

“झाली?”

“रडायची झाली.”

आक्कांनी वात तबकात ठेवली.

“हेरंबा, आज आरती तू म्हण. एकट्यानं. बाकीचे नुसते टाळ धरतील.”

शास्त्रीबुवांची कळी खुलली. गणितापाठोपाठ त्यांना अभिमान होता तो आपल्या आरतीचा. बोलणे सगुणेवरून आरतीवर कसे गेले, हा विचार त्यांच्या मनात आला, पण तो टिकला नाही.

रोज आरतीला सगुणा त्यांच्या डाव्या हाताला उभी राही. तशी आक्कांची आज्ञाच होती. त्या संध्याकाळी मात्र आक्कांनी तिला आपल्याजवळ बसवून घेतले.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला शिखरावरचे पारवे उडाले. तिसऱ्या ओळीला ओसरीवरचा म्हातारा कुत्रा उठला आणि नदीकडे चालू लागला. तो जेवायलासुद्धा सहसा उठत नसे. टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. त्यांतल्या एका दयाळू माणसाने टाळ जोरात वाजवायला घेतला. शास्त्रीबुवांना वाटले, रंग चढतो आहे. मग तेही चढले. शेवटच्या कडव्याला कोणीतरी मोठी घंटा धरली, ती आरती संपल्याची पक्की खात्री होईपर्यंत सोडली नाही.

“आज आवाज काय लागला होता,” प्रसाद घेताना ते आक्कांना म्हणाले.

“सगुणेला विचार.”

सगुणेने पदर तोंडाला लावला होता, तो काढला.

“आवाज होता, शास्त्रीबुवा,” ती जपून म्हणाली. “पण आरती एका वाटेनं गेली आणि तुम्ही दुसऱ्या.”

“काहीतरीच बोलतेस. रोज सगळे म्हणतात, तसंच म्हटलं मी.”

आक्कांनी खुंटीवरचा तंबोरा काढून मांडीवर घेतला. एक तार छेडली. मग शेजारची तार जराशी पिळून तीही छेडली.

“यातला चढा सूर कोणता?”

शास्त्रीबुवांनी कान दिला.

“दोन्ही सारखेच आहेत.”

“पुन्हा ऐक.”

“दुसरा... नाही. पहिला?”

“अरे, एक खाली आहे, एक वर आहे. यात न समजण्यासारखं काय आहे?”

आक्कांनी पुन्हा दोन्ही तारा छेडल्या.

“मन लाव.”

“लावलंय.”

“आता जरा भरभर सांग.”

तारा भरभर वाजू लागल्या. चढा कोणता? आता? आणि आता? ओसरीवर सगळा मठ जमला होता. खांबाआडून कोणीतरी खुदकन हसले. शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. कानांत नुसता गोंगाट झाला. मघाशी तारा तरी ऐकू येत होत्या, आता त्याही येईनात.

“आक्का...” ते म्हणाले, “मन लावलंय हो. मला तो फरकच ऐकू येत नाही.”

आक्कांनी तंबोरा पुन्हा खुंटीला लावला.

माणसे पांगली. मग शास्त्रीबुवांनी विचारले,

“इतकी वर्षं मी असाच गातोय?”

“असाच.”

“आणि कोणी गाऊ नको म्हणालं नाही?”

“देवापुढं गाऊ नको, असं कोण म्हणेल? सूर धरून ठेवणारं माणूस तुझ्या शेजारी उभं करत आले. सगुणेच्या आवाजाला टेकलास की तुझा बराच सरळ जातो.”

“ती यायच्या आधी कोण होतं?”

“दाजीबुवा.”

“ते तर बहिरे होते.”

“पुढं झाले,” आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा पाटी न घेता सगुणेकडे गेले. ती अंगणात पत्रावळी पुसत बसली होती. त्यांना पाहून तिने सवयीने म्हणायला सुरुवात केली, “एक, दोन, तीन...”

“राहू दे ते.” शास्त्रीबुवा पायरीवर टेकले. “सगुणे, मोजताना तुला होतं तरी काय?”

सगुणेच्या हातातली पत्रावळ तशीच राहिली.

“हे कोणी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली.

“शाळेत विचारलं नाही?”

“शाळेत ‘येत का नाही’ असं विचारायचे. ते वेगळं.”

“मग आता सांग.”

ती विचार करू लागली. शास्त्रीबुवांना घाई करण्याची उबळ आली. त्यांनी ती गिळली.

“तुम्हाला पाच म्हटलं की काही दिसतं?”

“दिसतं की.”

“काय दिसतं?”

शास्त्रीबुवा अडले. “पाच दिसतात,” ते म्हणाले. याहून चांगले उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

“मला नुसतं नाव ऐकू येतं. एखाद्या गावाचं नाव ऐकावं, तसं. ते गाव कुठल्या वाटेवर, कुठल्या गावाच्या अलीकडं, ते मला दर वेळी नव्यानं आठवावं लागतं. निवांत असले की आठवतं. कोणी बघत उभं राहिलं की सगळी गावं एकमेकांत मिसळतात. काल आलेलं आज येत नाही. मी मुद्दाम करते, असं वाटतं लोकांना.”

“मलाही वाटलं,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“तुम्हाला जास्तच वाटायचं.”

ती हसली. शास्त्रीबुवांनी घसा खाकरला.

“आणि प्रदक्षिणा घालताना?”

“तेव्हा देवाचं नाव घेते ना. तेवढ्यात आकडा निसटतो.”

शास्त्रीबुवांना आपल्या प्रदक्षिणा आठवल्या. आकडा एकदाही निसटला नव्हता. देवाचे नाव घेतल्याचे मात्र काही केल्या आठवेना.

त्या दिवसापासून त्यांनी शिकवण्याची तऱ्हा बदलली. ओसरी सोडून ते गोठ्यामागच्या आंब्याखाली बसू लागले, कारण तिथे बघायला फक्त गाई असत. मोठ्याने म्हणणे बंद, भरभर म्हणणे बंद. चिंचोके आणले. सगुणा एकेक चिंचोका बोटाने सरकवी आणि सावकाश त्याचे नाव घेई. कधी आठापर्यंत जाई, कधी थेट दहाच्या पुढे. शास्त्रीबुवा इतके खूश होत की गाई दचकून बघत. दुसऱ्या दिवशी पाहावे तो सगळे पुसून गेलेले. अशा वेळी त्यांच्या जिभेवर जुने शब्द येत. मग त्यांना त्या दोन तारा आठवत आणि ते म्हणत, “बरं. पुन्हा बघू. घाई कसली आहे?”

घाई होती. पुण्यतिथी चार दिवसांवर आली. बसून, निवांतपणी, सगुणेला अकरा येऊ लागले होते. पण उठून चालू लागली, की चौथ्या फेरीतच तिचा चेहरा पांढरा पडे. उत्सवाला तर अख्खा गाव बघायला येणार होता.

“नाही जमायचं शास्त्रीबुवा,” ती म्हणाली. “पिराजीदादाला या म्हणून कळवा.”

शास्त्रीबुवा जेवायला बसले, पण त्यांचे लक्ष पानात नव्हते. सगुणा पंगतीत खिरीच्या वाट्या मांडत होती. मांडून झाल्या. हातात एक उरली नाही, एक कमी पडली नाही.

“सगुणे,” ते म्हणाले, “या वाट्या कोणी मोजून दिल्या?”

“कोणी नाही. मीच आणल्या.”

“किती आहेत?”

“मला काय माहीत. पत्रावळी मांडल्या तेव्हा पत्रावळीवर एकेक वाटी ठेवून बघितली. पानाला वाटी. मोजायचं कशाला?”

शास्त्रीबुवा तोंडातला घास तोंडात ठेवून उठले आणि तसेच आक्कांकडे गेले. मठाच्या इतिहासात पंगत मोडून उठणारे ते पहिलेच असावेत.

“पानाला वाटी,” ते म्हणाले. “तसं फेरीला फूल. अकरा फुलं टोपलीत द्यायची. एक फेरी झाली की एक फूल पायरीवर ठेवायचं. टोपली रिकामी झाली की बसायचं. मनात काही धरून ठेवायला नको. पण आक्का...”

“काय?”

“नियमात ‘आपल्या आपण मोजून’ असं आहे. फुलं ठेवणं म्हणजे मोजणं झालं का? उद्या कोणी म्हणालं, ही लबाडी आहे, तर?”

आक्कांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले.

“ते काय आहे?”

“हे? जपमाळ.”

“कशाला लागते?”

“एकशेआठ वेळा जप झाला, हे कळायला.”

“का? तुला मोजता येत नाही?”

शास्त्रीबुवांनी माळ हळूच उपरण्याखाली घेतली.

“टोपली कोणती घेऊ?” त्यांनी विचारले.

पुण्यतिथीच्या सकाळी ऊन स्वच्छ पडले होते. आवार झेंडूने भरून गेले होते. गावकरी आले, सनई आली, पिराजी आला. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. रात्रभर बैलगाडी हाकून दमला होता, आणि बहिणीचे हसे होताना पुन्हा बघायचे त्याच्या जिवावर आले होते.

टोपली भरण्याचे काम शास्त्रीबुवांनी कोणालाही करू दिले नाही. आज त्यांना लग्नघरातल्या माणसासारखे वाटत होते. मठाच्या कोठीत धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन असे पुढे जातात. शास्त्रीबुवांनी जन्मात धान्य मापले नव्हते, आणि असल्या समजुतींना ते एरवी नाक मुरडत. पण आज शुभ बोलून सुरुवात करावी, असे त्यांना फार वाटले.

त्यांनी टपोरे फूल निवडले. “लाभ,” असे प्रेमाने म्हणत ते टोपलीत ठेवले. मग दुसरे उचलून “एक” म्हणाले, आणि तसेच मोजत झोकात अकरापर्यंत गेले. वर ओले फडके टाकले. पुन्हा मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

सगुणा निघाली.

पहिली फेरी संपली. तिने फूल पायरीवर ठेवले. दुसरे ठेवले. तिसऱ्या फेरीनंतर तिने लोकांकडे बघणे सोडले. मग तिचे ओठ हलू लागले, आणि तिथून पुढे ती चालते आहे की कोणी तिला तरंगत नेते आहे, हे कळेना. प्रत्येक फेरीला एक फूल पायरीवर येई. शास्त्रीबुवा खांबापाशी उभे राहून आनंदाने माना डोलवत होते. फेऱ्या मोजायचे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

सगुणेने शेवटचे फूल ठेवले. टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. ती पायरीवर बसली आणि तिने डोळे मिटले.

सनई वाजणार, एवढ्यात पिराजी पुढे आला. त्याचा अंगठा बोटाच्या पेरावर होता.

“आक्का,” तो खाली मान घालून म्हणाला, “खोटं कशाला बोलू? मी पेरावर मोजल्या. बारा झाल्या.”

सनईवाल्याने सनई खाली घेतली.

“बाराच,” मागून कोणीतरी म्हणाले.

“चल सगुणे,” पिराजी म्हणाला. “गाठोडं बांध. आपल्याला नाही जमत, तर नाही जमत. त्यात काय.”

सगुणेने डोळे उघडले. टोपली उपडी करून पाहिली. एक पाकळी पडली.

“रिकामी झाली तेव्हाच बसले मी,” ती हळू म्हणाली. “मग... कुठं चुकले?”

शास्त्रीबुवा पायरीपाशी गेले. वाकून त्यांनी फुले मोजली. बारा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मोजलेले पुन्हा मोजले. पुन्हा बारा.

आणि त्यांना ते प्रेमाने म्हटलेले ‘लाभ’ आठवले.

ते बोलले नसते, तर कोणाला कळले नसते. सगुणा चुकली, हे मानायला सगळा गाव तयार होता. खुद्द सगुणासुद्धा तयार होती. ती तर पदर खोचून उठायलाही लागली होती.

“थांब,” शास्त्रीबुवा म्हणाले. “टोपली मी भरली. पहिल्या फुलाला... लाभ म्हणालो.”

“मग?” पिराजी म्हणाला.

“मग दुसऱ्याला... एक.”

कोठी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला हसू फुटले, आणि ते आवरेना. त्याचे बघून टाळकरी हसले, सनईवाला हसला, आणि शेवटी सगुणाही डोळे पुसत पुसत हसू लागली. इतकी माणसे आपल्याबरोबर हसताना ती पहिल्यांदाच बघत होती.

पिराजी अजून गोंधळलेलाच होता.

“म्हंजे... हिचं बरोबर?”

“तिचं बरोबर,” शास्त्रीबुवा म्हणाले. “जेवढी फुलं दिली तेवढ्या फेऱ्या तिनं घातल्या. चुकलं ते माझं.”

एवढे बोलून ते मागे सरले आणि त्यांनी खांब धरला. त्यांची कानशिले तापली होती. सगळे आपल्याकडेच बघताहेत, असे त्यांना वाटत होते, आणि ते खरेही होते.

“जास्तीची फेरी टोपली भरणाऱ्याची, तिची नव्हे,” म्हणत आक्का उठल्या. त्यांनी दीक्षेची माळ सगुणेच्या गळ्यात घातली. सनई सुरू झाली. सगुणा नमस्काराला वाकली, तशी आक्कांनी तिला मधेच धरून उभी केली आणि खांबाकडे बोट दाखवले.

“नमस्कार मागाहून, सगुणे. आधी त्यांना पाणी दे. त्यांची चुकायची पहिलीच वेळ आहे.”